विश्वाची भातुकली

गेल्या महिन्यातली गोष्ट. दिवेलागणीच्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी मुलीला घेऊन घरी आला. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी अकरावी-बारावीला तो माझ्या वर्गात होता. आता केस पांढरे झाले आहेत, नोकरीची शेवटची काही वर्षे उरली आहेत. मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. एका बड्या कंपनीची नोकरी हातात आलेली, आणि हिला मात्र करायचे होते संशोधन. विषय कोणता, तर दीर्घिका कशा जन्मतात आणि विश्वाचा पसारा कसा उभा राहिला, याचे संगणकावर प्रतिरूप तयार करणे. इंग्रजीत ज्याला सिम्युलेशन म्हणतात, ते.

चहा होईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "बाई, तुम्हीच हिला समजावा. संगणकावर विश्व तयार करणार म्हणते. म्हणजे खोटंच ना ते? पाच-सात वर्षं त्यात घालवायची, नोकरीची शाश्वती नाही. आणि उद्या सगळंच चुकीचं निघालं, तर?" असे म्हणून त्याने खिशातून फोन काढला आणि एक बातमी दाखवली. नव्या दुर्बिणीने विश्वाचा प्रचलित सिद्धान्त मोडीत काढल्याची ती बातमी होती.

मुलगी काही बोलली नाही. मीही त्या वेळी थातुरमातुर काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. चुकीचे निघाले तर? बापाच्या जागी बरोबरच होता तो. आणि तसे पाहिले तर, ज्यांच्या घामाच्या पैशातून दुर्बिणी आणि महासंगणक उभे राहतात, त्या आपल्या सर्वांचाच हा प्रश्न आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

दिव्यांच्या दीर्घिका

लहानपणी आपण भातुकली खेळलो. चूल इवलीशी, पातेले इवलेसे, भात चुरमुऱ्यांचा. पण खेळ अगदीच खोटा नसे. आधी चूल पेटवायची, मग आधण ठेवायचे, हा क्रम खऱ्या स्वयंपाकघरातला असे. विश्वाचे प्रतिरूप ही अशीच भातुकली आहे. वस्तू लहान आणि लुटुपुटूच्या, नियम मात्र खरे.

याची गरज का पडते? रसायनशास्त्रज्ञ परीक्षानळीत दोन द्रव्ये एकत्र करून पाहू शकतो. खगोलशास्त्रज्ञाला दोन दीर्घिका हातात घेऊन एकमेकींवर आदळता येत नाहीत. एका दीर्घिकेत अब्जावधी तारे, आणि टक्कर पूर्ण व्हायला कोट्यवधी वर्षे. माणसाच्या आयुष्यात आकाशाचे हे चित्र जागचे हलत नाही. मग करायचे काय?

स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी १९४१ साली एक नामी युक्ती काढली. त्यांनी टेबलावर विजेचे ७४ दिवे मांडले. ३७ दिव्यांची एक दीर्घिका आणि ३७ दिव्यांची दुसरी. अंतर वाढले की दिव्याचा प्रकाश ज्या प्रमाणात कमी होतो, नेमक्या त्याच प्रमाणात गुरुत्वाकर्षणही कमी होते. म्हणून प्रत्येक दिव्याच्या जागी किती उजेड पडतो ते मोजायचे, त्यावरून ओढ किती ते काढायचे, दिवा तेवढा सरकवायचा आणि पुन्हा मोजायचे. संगणक नसतानाची ही संगणकीय भातुकली! आजचा महासंगणक मुळात हेच करतो. फक्त दिव्यांच्या जागी आता हजारो कोटी आकड्यांचे कण असतात.

सुरुवात कोठून करायची, हेही मनाने ठरवायचे नसते. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी जो प्रकाश मोकळा झाला, तो आजही सूक्ष्मलहरींच्या रूपाने सर्व दिशांनी आपल्याकडे येतो. १९९२ साली कोबी या उपग्रहाच्या निरीक्षणांतून त्यातले चढउतार जगापुढे आले. ते लाखात एक इतके बारीक होते. शास्त्रज्ञ संगणकात तेवढीच बारीक खळबळ पेरतात, विश्वाचे प्रसरण चालू करतात, गुरुत्वाकर्षणाला मोकळे सोडतात आणि १,३८० कोटी वर्षांनी काय उगवते ते पाहतात. उगवलेले पीक आकाशातल्या पिकाशी जुळले नाही, तर बियाणे तरी चुकले किंवा मशागत तरी.

मेक्सिकोचा मुलगा आणि मॉस्कोची बातमी

या शास्त्रात आयुष्य घालवणे म्हणजे काय, हे समजायला कार्लोस फ्रेंक यांच्यासारखे दुसरे उदाहरण नाही. जन्म १९५१ चा, मेक्सिको सिटीतला. शिक्षण तिथल्याच राष्ट्रीय विद्यापीठात, मग केंब्रिजला, आणि १९८१ साली डॉक्टरेट. त्यानंतर ते कॅलिफोर्नियातल्या बर्कलेला मार्क डेव्हिस यांच्याकडे गेले. डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा नुकताच सुमारे २,४०० दीर्घिकांचा नकाशा तयार केला होता. दीर्घिका आकाशात कशाही विखुरलेल्या नसून त्यांचे पुंजके आहेत, मधे मोठाल्या मोकळ्या जागा आहेत, हे त्यात दिसत होते.

त्याच सुमाराला मॉस्कोहून एक बातमी आली होती. दीर्घिकांच्या गतीवरून असे दिसते की, डोळ्यांना न दिसणारे पुष्कळ द्रव्य विश्वात असले पाहिजे. हे कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९८० साली मॉस्कोच्या एका प्रयोगशाळेने जाहीर केले की, न्यूट्रिनो या कणाला सुमारे ३० इलेक्ट्रॉन व्होल्ट वस्तुमान आहे. झाले! कोडे सुटले असेच अनेकांना वाटले. न्यूट्रिनो तर विश्वात सर्वत्र भरलेले. मग तेच कृष्णद्रव्य.

फ्रेंक, डेव्हिस आणि इंग्लंडचे सायमन व्हाइट यांनी ही कल्पना संगणकात घालून पाहिली. न्यूट्रिनो अतिशय वेगवान. त्यामुळे लहानसहान गुठळ्या सुरुवातीलाच पुसल्या जातात. आधी प्रचंड मोठे गोळे तयार होतात आणि मग ते फुटून लहान होतात. कणकेचा मोठा गोळा मळून मग त्याच्या लाट्या कराव्यात, तसे. पण संगणकातून निघालेल्या विश्वात दीर्घिका फारच मोठ्या पुंजक्यांत दाटल्या होत्या, आणि डेव्हिस यांच्या नकाशाशी त्यांचा काही मेळ बसेना. १९८३ साली तिघांनी निष्कर्ष जाहीर केला: कृष्णद्रव्य म्हणजे न्यूट्रिनो नव्हेत.

विचार करा. प्रयोगशाळेतून आलेल्या बातमीला तिशीतल्या माणसांच्या भातुकलीने आव्हान दिले होते. पुढे मॉस्कोचा दावा टिकला नाही. जर्मनीतल्या काट्रिन प्रयोगाने २०२५ साली न्यूट्रिनोच्या वस्तुमानाची जी कमाल मर्यादा दिली, ती अर्ध्या इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षाही कमी आहे.

आपलेच घर पाडणारे

न्यूट्रिनो बाद झाले, तेव्हा या चमूत जॉर्ज एफस्टॅथिऊ सामील झाले आणि चौघांनी दुसरी कल्पना तपासली. कृष्णद्रव्याचे कण संथ असतील तर? या संथपणामुळे त्याला 'शीत' कृष्णद्रव्य म्हणतात. यात आधी लहान गुठळ्या जमतात आणि त्या एकमेकींना मिळून मोठ्या होतात. आधी बुंदी, मग लाडू. १९८५ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधातील प्रतिरूपात कण होते ३२,७६८. आज हातातल्या फोनलाही हसू येईल असा आकडा. पण त्यातून निघालेले विश्व आकाशातल्या विश्वासारखे दिसत होते.

चौघांनी एकच नव्हे, अनेक विश्वे मांडून पाहिली होती. त्यांतले त्यांना सर्वांत भावले ते असे की, ज्यात द्रव्य भरपूर आहे आणि प्रसरणाला बरोबर तोलून धरण्याइतके आहे. गणिताला ते देखणे होते. दुसरा कोणी असता तर त्या देखण्या विश्वाची राखण करीत आयुष्य काढले असते.

फ्रेंक आणि व्हाइट यांनी काय केले? १९९३ साली आणखी दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. दीर्घिकांच्या मोठ्या समूहांत साध्या, आपल्या ओळखीच्या द्रव्याचा वाटा किती, हे त्यांनी मोजले. तो अपेक्षेहून कितीतरी जास्त निघाला. साध्या द्रव्याचे एकूण प्रमाण अणुकेंद्रांच्या जन्माच्या गणिताने आधीच बांधलेले. मग मेळ बसायचा तर एकूण द्रव्यच कमी असले पाहिजे. म्हणजे त्यांना स्वतःला आवडलेले विश्वच चूक! शीत कृष्णद्रव्य राहिले, पण भरपूर द्रव्याचे देखणे विश्व गेले. १९९८ साली दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या निरीक्षणांतून विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे असे दिसले, आणि रिकामी राहिलेली जागा 'कृष्ण ऊर्जे'ने भरली. आजचा हिशेब असा सांगतात: साधे द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य २७ टक्के, कृष्ण ऊर्जा ६८ टक्के.

चुकीचे निघाले तर काय, या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. चुकीचे निघालेच. ते शोधून काढणाऱ्यांत तेच होते, आणि त्यामुळे त्यांची पत गेली नाही. २०११ साली या चौघांना विश्वरचनाशास्त्राचे ग्रूबर पारितोषिक मिळाले.

मीठ चवीनुसार

फ्रेंक १९८५ पासून इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठात आहेत. तिथल्या संगणकीय विश्वरचनाशास्त्राच्या संस्थेचे ते पहिले संचालक. त्यांच्या आणि जर्मनीतल्या सहकाऱ्यांच्या 'मिलेनियम' या प्रतिरूपाचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. ३२ हजार कणांच्या जागी आता एक हजार कोटी कण. दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून लांब बाजू असलेला घन. महासंगणक महिनाभराहून अधिक काळ राबला आणि सुमारे दोन कोटी दीर्घिका हाती आल्या. त्यात दिसणारे जाळे, म्हणजे तंतू, गाठी आणि मधल्या पोकळ्या, हे चित्र आता शाळेच्या भिंतींवरही दिसते.

पण इथे वाचकांना एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. कृष्णद्रव्याला फक्त गुरुत्वाकर्षण कळते, म्हणून त्याचे गणित सरळ आहे. साध्या वायूचे तसे नाही. तो तापतो, निवतो, त्याचे तारे होतात, तारे फुटतात, दीर्घिकेच्या पोटातले कृष्णविवर वायूला बाहेर फेकते. हा जाळ वेळीच मागे ओढला नाही, तर संगणकातल्या दीर्घिका भलत्याच फुगतात. आणि एक तारा तर या प्रतिरूपात मावतच नाही. मिलेनियममधला एकेक कण सुमारे शंभर कोटी सूर्यांएवढा! मग ताऱ्यांच्या जन्ममृत्यूसाठी ठोकताळे घालावे लागतात. पाककृतीच्या पुस्तकात 'मीठ चवीनुसार' लिहिलेले असते, तसे. २०१५ च्या 'ईगल' या प्रतिरूपातही असे ठोकताळे जवळच्या, खऱ्या दीर्घिकांची चव पाहून ठरवले होते.

म्हणून संगणकातली दीर्घिका हुबेहूब खरीसारखी दिसली, एवढ्याने हुरळून जाऊ नये. चव पाहूनच मीठ घातले होते. खरी परीक्षा होते ती ज्या पानावर आधी चव पाहिलेलीच नाही, त्या पानावर. आणि नेमके तेच पान सध्या वाढले गेले आहे.

बातम्यांतले खरे आणि खोटे

जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात गेली. तिने विश्वाच्या बाल्यातल्या दीर्घिका दाखवायला सुरुवात केली. २०२३ च्या फेब्रुवारीत अशा सहा दीर्घिकांची बातमी आली की, ज्या महास्फोटानंतर ५० ते ७० कोटी वर्षांतच अवाढव्य झालेल्या दिसत होत्या. बुंदीचा लाडू इतक्या लवकर वळला कसा? सिद्धान्त कोसळल्याचे मथळे तेव्हाचे. पुढे अधिक बारकाईने पाहिल्यावर लक्षात आले की, अशांपैकी काहींचा उजेड बहुधा ताऱ्यांचा नसून कृष्णविवराभोवतीच्या तप्त वायूचा आहे. ते वगळल्यावर सिद्धान्तावरचे संकट टळले. पण अपेक्षेपेक्षा जास्त आणि जास्त तेजस्वी दीर्घिका सुरुवातीला होत्या, ही अडचण शिल्लक राहिलीच. २०२५ च्या अखेरीस आपल्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्याच निरीक्षणांतून 'अलकनंदा' ही रेखीव सर्पिल दीर्घिका शोधल्याचे जाहीर झाले. महास्फोटानंतर अवघ्या दीडशे कोटी वर्षांनी इतकी नीटनेटकी घडी बसली कशी, हा प्रश्न तिने पुढे ठेवला.

याचा अर्थ काय? मीठ चुकले असे होऊ शकते. त्या काळी तारे आजच्यापेक्षा झपाट्याने जन्मत असतील. मूळ पाककृतीच चुकली असे मात्र अद्याप म्हणता येत नाही.

दुसरी बातमी अधिक गंभीर आहे. अमेरिकेत ॲरिझोनातील किट पीकवर 'देसी' नावाचे उपकरण आहे. पाच हजार प्रकाशतंतूंनी ते एकाच वेळी पाच हजार दीर्घिकांचा प्रकाश टिपते. डेव्हिस यांचा नकाशा २,४०० दीर्घिकांचा होता, 'देसी'ने तीन वर्षांत जवळजवळ दीड कोटी दीर्घिका आणि क्वासार नोंदवले. मार्च २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केले की, इतर निरीक्षणांशी जोडून पाहता कृष्ण ऊर्जा स्थिर नसून काळाबरोबर क्षीण होत असावी, असा संकेत मिळतो. संकेत, पुरावा नव्हे. भौतिकशास्त्रात शोध मानण्यासाठी जी कडक कसोटी आहे, तिथवर तो पोहोचलेला नव्हता. पण उद्या पोहोचला, तर ६८ टक्क्यांच्या खात्यात नवे नाव लिहावे लागेल.

आणि २७ टक्क्यांचे काय? चाळीस वर्षे ज्या कणाच्या भरवशावर ही विश्वे उभी राहिली, तो शीत कृष्णद्रव्याचा कण जमिनीखालच्या कोणत्याही प्रयोगशाळेत सापडलेला नाही. फ्रेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांची प्रतिरूपे याबाबत एक धाडसी भाकीत करतात. आपल्या आकाशगंगेभोवती कृष्णद्रव्याच्या असंख्य लहान गुठळ्या असल्या पाहिजेत, आणि त्यांतल्या बहुतेकांत एकही तारा नसला पाहिजे. दिवा न लागलेली घरे. ती दिसणार नाहीत, पण मागून येणारा प्रकाश जरासा वाकवतील, ताऱ्यांच्या लांब धारांना मधेच खिंडार पाडतील. चिलीमधल्या व्हेरा रूबिन वेधशाळेची पहिली चित्रे जून २०२५ मध्ये आली. असल्या खुणा शोधण्याचे काम तिच्याकडूनही अपेक्षित आहे. ही अंधारी घरे सापडली नाहीत, तर शीत कृष्णद्रव्य गेले. आपल्या सिद्धान्ताला कोठे घाव घालायचा ती जागा स्वतःच दाखवून देणे, याला मी प्रामाणिकपणा म्हणते.

आपल्या अंगणात

हे सारे दूरदेशीचे आहे असे समजू नये. पुण्यात १९८८ साली दोन संस्था उभ्या राहिल्या. एक आयुका. दुसरी सी-डॅक. अमेरिकेने हवा तसा महासंगणक द्यायला नकार दिल्यावर आपणच बनवू, या जिद्दीतून सी-डॅक जन्मली आणि १९९१ साली 'परम' तयार झाला. आयुकात थाणू पद्मनाभन यांनी विश्वातील संरचनेच्या निर्मितीवर जगभर वापरला जाणारा ग्रंथ १९९३ साली लिहिला. त्यांचे विद्यार्थी जसजीत सिंग बागला यांनी पुढे अशा प्रतिरूपांसाठी 'ट्रीपीएम' ही संगणकीय प्रणाली तयार केली. आयुकाच्याच शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०१७ साली 'सरस्वती' हा दीर्घिकांचा सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे लांबीचा महासमूह सापडला. २०२४ साली पुण्यात 'परम रुद्र' हा महासंगणक खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी दिला गेला.

आणि डॉ. जयंत नारळीकर. २० मे २०२५ रोजी ते गेले. महास्फोटाच्या सिद्धान्ताचे ते आयुष्यभर टीकाकार होते. न दिसणाऱ्या गोष्टींवर विश्वाचे इमले बांधू नका, असे त्यांचे सांगणे असे. बहुसंख्य शास्त्रज्ञांना त्यांचे म्हणणे पटले नाही. पण त्यांनी उभारलेल्या आयुकात त्यांच्या मताविरुद्धचे संशोधन त्यांच्या डोळ्यांदेखत बहरले. आपल्या सार्वजनिक जीवनात असे किती वेळा पाहायला मिळते?

परवा त्या मुलीच्या वडिलांना फोन केला. संशोधनाची शिष्यवृत्ती सुरुवातीला महिना ३७ हजार, डॉक्टरेटनंतर दोन-तीन देशांत दोन-दोन वर्षांच्या नेमणुका आणि कायम जागा मिळेलच असे नाही, हे सगळे लपवून न ठेवता सांगितले. त्याच्या काळजीत खोटे काही नव्हते. मग म्हटले, "तू विचारलंस, चुकीचं निघालं तर? अरे, बहुधा काहीतरी चुकीचं निघेलच. ती चूक कुठे आहे ते दाखवणाऱ्यांत तुझी मुलगी असावी, एवढंच मागायचं."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "बाई, अर्जाची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत आहे. शिफारसपत्र लागतं म्हणे. तुम्ही द्याल का?"

बसले आहे आता लिहायला.